उलट न बसणारे कनेक्टर

उलट न बसणारे कनेक्टर म्हणजे जोडणी एकाच दिशेने व्हावी यासाठी ज्यांच्या घडणीतच खाच, उंचवटा, तिरका कोपरा किंवा बुजवलेले छिद्र ठेवलेले असते असे कनेक्टर. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली की आयसी किंवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर क्षणात निकामी होऊ शकतो. तारांचे रंग आणि छापलेले बाण मदत करतात. पण कॅबिनेटच्या आत हात घालून चाचपडणाऱ्याला ते दिसत नाहीत, खाच मात्र बोटांना लागते.

जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात. त्याच्या एका कडेला १२ व्होल्टची पिवळी तार, दुसऱ्या कडेला ५ व्होल्टची लाल. म्हणजे तो उलट बसलाच, तर ५ व्होल्टच्या भागात १२ व्होल्ट शिरतात. त्याच डिस्कच्या माहिती वाहणाऱ्या आयडीई जोडणीच्या ४० पिनांमधली २० वी पिन मुद्दाम गाळलेली असते. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीचा आकार एल अक्षरासारखा असतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ या दोन पिढ्यांच्या रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने दिशेबरोबर चुकीची पिढीही अडते.

स्वतः सर्किट बांधणाऱ्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत रेलीमेट, एफआरसी (चपट्या पट्टीसारख्या केबलचा), जेएसटी, एक्सटी६० हे कनेक्टरचे प्रकार मिळतात. बर्ग स्ट्रिप, म्हणजे उघड्या पिनांची साधी पट्टी, स्वस्त असते, पण ती दोन्ही बाजूंनी बसते. वीजपुरवठ्यासाठी ती वापरूच नये. एफआरसीसाठी खाच असलेला बॉक्स हेडर (पिनांभोवती प्लास्टिकची भिंत असलेला) घ्यावा आणि केबलच्या टोकाला उंचवटा आहे ना, हे घेतानाच पाहावे. उंचवटा नसेल तर खाच निरुपयोगी. दोन पिनांमधले अंतरही महत्त्वाचे आहे: जेएसटी एक्सएचचे २.५ मिमी, झिरो पीसीबीच्या (छिद्रे पाडलेल्या कोऱ्या बोर्डाच्या) छिद्रांचे २.५४ मिमी. तीन पिनांना हा फरक जाणवत नाही, दहाव्या पिनेपर्यंत तो ०.३६ मिमी होतो. एकाच बोर्डावर दोन सारखे कनेक्टर शेजारी ठेवले की खाच असूनही अदलाबदल होते, म्हणून त्यांच्या पिनांची संख्या वेगळी ठेवणे उत्तम.

खाच आकार सांभाळते, आत कोणती तार कुठे क्रिंप केली आहे, म्हणजे दाबून बसवली आहे, ते नाही. लिथियम बॅटऱ्यांवरच्या दोन पिनांच्या जेएसटी पीएच प्लगमध्ये धन टोक कोणत्या बाजूला, हे विक्रेत्यागणिक बदलते. नवी बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटरने तपासणे अत्यावश्यक आहे. जोर लावला तर खाचही हार मानते. २ जुलै २०१३ रोजी बैकानूरहून उडालेले रशियाचे प्रोटॉन-एम रॉकेट काही सेकंदांतच कोसळले आणि ग्लोनास या रशियन दिशादर्शन प्रणालीचे तीन उपग्रह नष्ट झाले. त्याचे कोनीय वेग मोजणारे संवेदक उलटे बसवलेले होते आणि ते जबरदस्तीने बसवल्याच्या खुणा तपासात आढळल्या.

म्हणून सर्किटमध्येही संरक्षण ठेवतात. मालिकेत लावलेला साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत पी-चॅनेल मॉसफेट हा ट्रान्झिस्टर बरा, तो त्याहून खूप कमी व्होल्ट खातो. पिनांचा क्रमही उपयोगी पडतो. खेळण्यातल्या विमानांच्या सर्व्हो मोटरच्या तीन तारांपैकी लाल, म्हणजे धन, मधोमध असते. प्लग उलटा लागला तर सिग्नल आणि ग्राउंड यांची अदलाबदल होते, मोटर फिरत नाही, पण सहसा जळतही नाही.