मॉर्मन शेजाऱ्यांना ख्रिस्ती विश्वास सांगणं

मॉर्मन शेजाऱ्यांना ख्रिस्ती विश्वास सांगणं म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणाऱ्या चर्चमधल्या लोकांनी (प्रोटेस्टंट, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स सगळेच आले) आपल्या मॉर्मन शेजाऱ्यांशी प्रभू येशू, कृपा आणि तारण याबद्दल मोकळेपणाने बोलणं, आणि तेही समोरच्याचा मान राखून. मॉर्मन म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या चर्चचे लोक. हा विषय मुळात अमेरिकेतल्या युटा राज्याचा, आणि शेजारच्या आयडाहो, ॲरिझोना, नेवाडाच्या काही भागांचा. तिथे गल्लीच्या गल्ली मॉर्मन असते आणि बाकीचे ख्रिस्ती मूठभर, म्हणजे सुवार्ता सांगायला निघालेला माणूसच तिथे अल्पसंख्य असतो, आणि ही गोष्ट विसरली की पुढचं सगळं बिघडतं.

युटामध्ये नवीन घरात राहायला गेलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी घरी भाजलेला ब्रेड घेऊन दारात येतं, बर्फ पडला की सकाळी उठून बघावं तर आपल्या घरासमोरचा बर्फ कोणीतरी आधीच काढून टाकलेला, आणि घरात कोणी वारलं तर चीज घातलेल्या बटाट्यांचा मोठा ट्रे येतो, त्याला तिकडे 'फ्युनरल पोटॅटोज' असंच नाव आहे. यामागे 'वॉर्ड' असतो. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, ती पत्त्यावरून ठरते, त्यामुळे एका रस्त्यावरची घरं एकाच वेळी एकाच उपासनेला जातात, आणि वॉर्डाचा बिशप पगारी पाळक नसतो, तो आठवडाभर दुकान नाहीतर दवाखाना चालवणारा शेजारीच असतो. अशा माणसाला येशूचं नाव नवीन नसतं, तो बायबल वाचतो, रोज प्रार्थना करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो. त्याला काहीच माहीत नाही असं धरून बोलायला सुरुवात केली की तो हसून विषय बदलतो आणि पुन्हा तो विषय निघत नाही. आणि दुसरी बाजूही खरी आहे, वॉर्डात नसलेल्या घरातली मुलं रविवारी आणि वॉर्डाच्या कार्यक्रमांच्या दिवशी एकटी पडतात, ते दुःख तिथल्या ख्रिस्ती आईवडिलांना चांगलंच माहीत असतं, पण त्याचा राग सुवार्तेत मिसळला तर ती सुवार्ता राहत नाही.

इतिहासाचं ओझं

जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. पुढच्या काही वर्षांत हे लोक जिथे गेले तिथून हाकलले गेले. २७ ऑक्टोबर १८३८ ला मिझुरीच्या गव्हर्नर बॉग्सने आदेशच काढला की मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा, तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे जमावाने १७ जणांना मारलं, आणि तो आदेश औपचारिकपणे रद्द व्हायला १९७६ उजाडलं! स्वतः स्मिथला २७ जून १८४४ ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. मग स्मिथनंतरचा पुढारी ब्रिगम यंग याच्या मागे लोक पश्चिमेला निघाले आणि २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले, तो दिवस आजही युटामध्ये पायोनियर डे म्हणून सुट्टीचा असतो. मॉर्मनांच्या हातूनही रक्त सांडलं, १८५७ मध्ये माउंटन मेडोज इथे त्यांच्या मिलिशियाने (स्थानिक सशस्त्र दलाने) साधारण १२० प्रवाशांना ठार केलं. पण शेजाऱ्याच्या मनात जे घर करून बसलंय ते हे, की आपल्या खापरपणजोबांना हाकलणारे लोक स्वतःला चांगले ख्रिस्ती म्हणवत होते. त्यामुळे 'तुम्ही ख्रिस्ती नाहीच' हे वाक्य पहिल्याच भेटीत टाकलं की त्याला त्यात धर्मशास्त्र ऐकूच येत नाही, जुना जमाव ऐकू येतो.

प्रोटेस्टंट लोक युटात आले ते आधी शाळा आणि दवाखाने घेऊन. एपिस्कोपल चर्चचं सेंट मार्क्स हॉस्पिटल १८७२ चं, प्रेस्बिटेरियन लोकांची वॉसॅच अकॅडमी १८७५ ची, माउंट प्लेझंट गावात. मॉर्मन आईवडिलांनी मुलांना त्या शाळांत पाठवलं, चर्च बदलणारे मात्र फार थोडे निघाले. नंतरच्या काळात रस्त्यावरचा प्रचार आला. मँटी गावात १९६७ पासून २०१९ पर्यंत दर उन्हाळ्यात मॉर्मन लोकांचा मोठा उघड्यावरचा धार्मिक नाट्यप्रयोग होत असे, त्या रस्त्यांवर पत्रकं वाटणारे आणि ओरडून वाद घालणारे इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट) उभे असायचे, सॉल्ट लेकला एप्रिल आणि ऑक्टोबरच्या जनरल कॉन्फरन्सच्या (चर्चच्या मोठ्या सभेच्या) वेळीही तेच, कोणी तर मॉर्मनांची पवित्र अंतर्वस्त्रं हातात नाचवून टिंगलसुद्धा केली आहे. मुलांचा हात धरून निघालेल्या कुटुंबावर असं ओरडून कोणाचं तारण होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या मुलांच्या चेहऱ्याकडे बघावं.

वेगळा रस्ताही निघाला. नोव्हेंबर २००४ मध्ये फुलर सेमिनरी या इव्हँजेलिकल धर्मशिक्षण संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड माऊ सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमध्ये (मॉर्मनांच्या मोठ्या सभागृहात) उभे राहून म्हणाले की आम्ही इव्हँजेलिकल लोकांनी तुमच्या विश्वासाचं चुकीचं चित्र रंगवलं, हे आमच्याकडून तुमच्याविरुद्ध झालेलं पाप आहे. त्यांच्याच गोटातले बरेच लोक यावर चिडले. मला वाटतं माऊंनी केलं ते बरोबर होतं, कारण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा शेजारी मॉर्मन असला म्हणून सैल होत नाही.

तोच शब्द, वेगळा अर्थ

खरी अडचण शब्दांची आहे. दोघंही 'देव' म्हणतात, पण मॉर्मन शिकवणुकीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन स्वतंत्र व्यक्ती आहेत, पित्याला हाडामांसाचं शरीर आहे, आणि इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेपासून चालत आलेलं त्रैक्य त्यांना मान्य नाही. 'तारण' म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर स्वर्गाची तीन राज्यं येतात आणि सगळ्यात वरच्या राज्यातल्या सर्वोच्च पायरीसाठी मंदिरातले (हे वॉर्डाच्या उपासनेच्या जागेपेक्षा वेगळं, खास विधींसाठीचं) विधी आणि करार लागतात. 'कृपा' तेही म्हणतात, पण त्यांच्या शास्त्रात 'आपल्याला जमेल ते सगळं केल्यावर' अशी जोड आहे, आणि बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, असं म्हटलंय. म्हणून दोन तास बोलून दोघंही माना डोलावतात आणि प्रत्यक्षात काहीच बोलणं झालेलं नसतं. उपाय साधा आहे, विचारायचं, 'तुमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय हो?' आणि मग उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचं. फरक लपवायचा नाही, सगळं एकच आहे असं गोड बोलणं हाही एक अपमानच असतो, समोरच्याच्याही विश्वासाचा आणि आपल्याही.

नावाचंही तसंच. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'मॉर्मन' हे नाव सोडून चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं, त्यांच्या गाजलेल्या कॉयरचंही (गायकवृंदाचंही) नाव बदललं. या नोंदीत ओळखीचा म्हणून तो शब्द ठेवलाय, शेजाऱ्याशी बोलताना मात्र लॅटर-डे सेंट म्हणावं. आणि बहुपत्नीत्वाचे विनोद करू नयेत, ती प्रथा सोडल्याचं चर्चने १८९० मध्येच जाहीर केलं, आज ती पाळणारे गट वेगळे आहेत.

दारातली भेट

पांढरा शर्ट, काळी नावाची पट्टी, त्यावर 'एल्डर' अमुक, आणि वय अठरा-वीस. ही मॉर्मन मिशनरी मुलं घरापासून लांब दोन वर्षं स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चाने फिरत असतात. मराठी घरात दार उघडल्या उघडल्या तोंडातून 'चहा घेणार?' निघतंच, पण १८३३ पासूनच्या त्यांच्या आरोग्यनियमात चहा-कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य आहे, मुलं लाजून नको म्हणतात आणि सगळेच अवघडतात. त्यापेक्षा लिंबू सरबत किंवा कोकम सरबत द्यावं, जेवलात का विचारावं, २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो तर आईशी काय बोलणं झालं ते विचारावं. मग सरळ सांगावं की तुम्ही दिलेलं मी वाचतो, माझ्याबरोबर तुम्ही रोमकरांस पत्र वाचाल का? ही अदलाबदल बहुतेक वेळा चालते.

त्यांचा भर वादावर नसतो, साक्षीवर असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास धरून लोक एकेक उठून 'मला माहीत आहे हे खरं आहे' असं सांगतात, आणि मॉर्मनच्या पुस्तकाच्या (बायबलबरोबर ते पवित्र मानतात त्या ग्रंथाच्या) शेवटीही प्रार्थना करून देवालाच विचारा असं सांगितलंय. म्हणून जोसेफ स्मिथच्या चुकांची यादी वाचून काही होत नाही, ख्रिस्ताने माझं ओझं कसं उचललं हे स्वतःच्या आयुष्यातून सांगितलेलं ते कान देऊन ऐकतात, कारण चांगलं वागायची, पुरेसं करायची धडपड करून थकलेली माणसं तिथेही असतात. आपल्याकडे ना. वा. टिळकांचं उदाहरण आहे, १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या गोऱ्या माणसाने आधी त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि मग नवा करार हातात दिला, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा.

चर्च सोडणाऱ्या मॉर्मन माणसाचं काय जातं याचा हिशोब बाहेरच्यांना कळत नाही. वॉर्ड जातो, कधी नोकरीतल्या ओळखी, कधी लग्नसुद्धा. मंदिरातल्या लग्नाला फक्त पात्र सभासदच आत जाऊ शकतात, म्हणजे स्वतःच्या मुलीच्या लग्नात बाप बाहेर बाकावर बसलेला असतो (२०१९ पासून आधी सिव्हिल लग्न करून लगेच मंदिरात जाता येतं, तेवढी सोय झाली). म्हणून त्याचा जुना विश्वास मोडून निघून जाणं हे क्रूर आहे, असे बरेच लोक नंतर कुठल्याच चर्चमध्ये जात नाहीत. जो बोलतो त्याने पुढची वर्षानुवर्षं सोबत राहायची तयारी ठेवावी, आणि शेजारी आयुष्यभर मॉर्मनच राहिला तरी त्याच्या अंगणातला बर्फ काढायला जावं.

महाराष्ट्राचा या चर्चशी संबंध जुना आहे, ह्यू फिंडले हा त्यांचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईला उतरला आणि पुण्यात छोटी शाखाही उभी राहिली, पण ती टिकली नाही. १९९३ पासून बेंगळुरूला त्यांचं मिशन आहे आणि तिथेच मंदिराचं काम २०२० मध्ये सुरू झालं. इथे मॉर्मन आणि बाकीचे ख्रिस्ती दोघंही मूठभर, आणि सोसायटीतल्या बाकी सगळ्यांच्या लेखी दोघंही 'ख्रिश्चन'च.