रिंगमध्ये जिंकलेले, कागदावर सुटलेले: हेवीवेट जगज्जेतेपदाची पार्श्वभूमी

२०२५ संपलं तेव्हा युक्रेनचा मुष्टियोद्धा ओलेक्सांद्र उसिक याच्या नावावर २४ व्यावसायिक लढती होत्या आणि २४ विजय. पराभव एकही नाही. तरीही त्याआधीच्या दीड वर्षात हेवीवेट जगज्जेतेपदाचे दोन पट्टे त्याच्या हातून गेले होते. मुष्टियुद्धात जगज्जेतेपद देणाऱ्या चार संघटना आहेत, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. त्यांतल्या आयबीएफचा जून २०२४ मध्ये गेला, डब्ल्यूबीओचा नोव्हेंबर २०२५ मध्ये. कुणी ठोसे मारून ते हिसकावले नाहीत. उसिकनेच ते सोडले, कारण संघटनेने नेमून दिलेल्या आव्हानवीराशी तिने सांगितलेल्या वेळेत तो लढणार नव्हता.

त्यामुळे ‘हेवीवेट जगज्जेता कोण?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर २०२५ संपताना एका नावात देता येत नव्हतं. उसिक, पण डब्ल्यूबीओचा फॅबिओ वॉर्डली. डब्ल्यूबीसीचा उसिकच, पण तिथे ‘हंगामी’ म्हणून अगित कबायेल. डब्ल्यूबीएचाही उसिकच, पण त्याच्या खाली त्याच संघटनेचा आणखी एक ‘नियमित’ विजेता. हे ‘पण’ कुठून आले ते पाहायचं, तर निदान साठ वर्षं मागे जावं लागतं.

एकेकाळी मामला सरळ होता. सप्टेंबर १८९२ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये जेम्स कॉर्बेटने जॉन सुलिव्हनला एकविसाव्या फेरीत झोपवलं आणि तो जगज्जेता झाला. जो जगज्जेत्याला हरवेल तो जगज्जेता, एवढाच नियम. या सरळपणाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. कुणाशी लढायचं हे जगज्जेता आणि त्याचे प्रवर्तकच ठरवत, त्यामुळे नको असलेला माणूस आयुष्यभर बाहेर ठेवता येई. १९२० च्या दशकात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा वर्षानुवर्षं आघाडीचा आव्हानवीर होता. जॅक डेम्प्सीशी त्याची लढत कधीच झाली नाही. आज ज्या ‘सक्तीच्या आव्हानवीरा’च्या नियमाने चाहते वैतागतात, त्याची गरज का वाटली हे विल्सच्या उदाहरणावरून कळतं. नियमाचं मूळ वाईट नाही. पुढे त्याचं जे झालं ते वाईट.

अमेरिकेतल्या राज्यांच्या मुष्टियुद्ध मंडळांनी १९२१ मध्ये नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन स्थापन केली. तिनेच १९६२ मध्ये नाव बदलून वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन असं केलं, तीच डब्ल्यूबीए. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल उभी राहिली, ती डब्ल्यूबीसी. दोन दुकानं उघडल्यावर दोन विजेते व्हायला किती वेळ लागणार? फेब्रुवारी १९६४ मध्ये सॉनी लिस्टनला हरवून मुहम्मद अली जगज्जेता झाला. लगेच लिस्टनशीच पुन्हा लढायचा करार केला म्हणून डब्ल्यूबीएने त्याची मान्यता काढली आणि नंतर अर्नी टेरेलला आपला विजेता ठरवलं. १९६७ मध्ये अलीने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्याचं विजेतेपद गेलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीच, निव्वळ एका करारावरून, एका संघटनेने त्याला एकदा पायउतार केलं होतं, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं.

तरी तेव्हाची फूट भरून निघाली. १९७८ ची मात्र टिकली.

फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. स्पिंक्सची ती जेमतेम आठवी व्यावसायिक लढत. डब्ल्यूबीसीचं म्हणणं, आता केन नॉर्टनशी लढ. स्पिंक्सने अलीशीच पुन्हा लढायचं ठरवलं, कारण पैसा तिथे होता. डब्ल्यूबीसीने त्याचा पट्टा काढून घेतला आणि नॉर्टनला दिला. कशाच्या जोरावर? आदल्या नोव्हेंबरात त्याने जिमी यंगला हरवलं होतं, ती लढत मागाहून जगज्जेतेपदाची मानली गेली! नॉर्टन आयुष्यात तीनदा जगज्जेतेपदासाठी रिंगमध्ये उतरला, फोरमनविरुद्ध, अलीविरुद्ध आणि लॅरी होम्सविरुद्ध. तिन्ही वेळा हरला. तरीही माजी जगज्जेता म्हणून त्याची नोंद आहे आणि ती नियमानुसार बरोबर आहे. नॉर्टनची गुणवत्ता इथे वादात नाही. अलीला हरवलेला माणूस तो. जून १९७८ मध्ये होम्सशी त्याची जी पंधरा फेऱ्यांची लढत झाली, तिच्या शेवटच्या फेरीत दोघेही एक पाऊल मागे न घेता ठोसे मारत राहिले. तीन जजांपैकी दोघांनी होम्सला १४३-१४२ दिले, तिसऱ्याने नेमके तेच आकडे नॉर्टनला दिले.

१९८३ मध्ये तिसरी संघटना आली, आयबीएफ. नव्या संघटनेला पत हवी असते, आणि ती मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आधीच मान्यता पावलेल्या विजेत्याला आपला म्हणणं. त्या वर्षाअखेरीस होम्सने डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून आयबीएफचा घेतला. खरं पाहता पत होम्सने आयबीएफला दिली, आयबीएफने होम्सला नव्हे. याच आयबीएफचे संस्थापक रॉबर्ट ली यांच्यावर पुढे क्रमवारीतल्या जागा पैसे घेऊन दिल्याचा खटला चालला. २००० मध्ये लाचेच्या मुख्य आरोपांतून ते सुटले, मात्र बेहिशेबी पैसा फिरवणे आणि करचुकवेगिरी यांत दोषी ठरले. चौथी डब्ल्यूबीओ १९८८ मध्ये आली. तिच्या हेवीवेट पट्ट्याला पहिली दहा-पंधरा वर्षं फारसं कुणी विचारत नव्हतं.

या संघटनांचं पोट कशावर चालतं, हे इथेच सांगितलेलं बरं. जगज्जेतेपदाच्या प्रत्येक लढतीमागे दोन्ही खेळाडूंच्या मानधनातला ठरावीक टक्का संघटनेला जातो. लढत जितकी मोठी तितकी त्या टक्क्याची रक्कम मोठी, आणि पट्टे जितके जास्त तितक्या लढती जास्त. म्हणून ‘हंगामी’, ‘नियमित’, ‘सुपर’, ‘विश्रांतीतला’ असे विजेते निघत राहतात. आपल्याकडे २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची दोन मैदानं भरली आणि गदा दोघांच्या खांद्यावर गेली, तेव्हा तालमीतल्या वस्तादांनी कपाळाला हात लावला होता. मुष्टियुद्धात हा रोजचा कारभार आहे.

एका माणसाने हे सगळं झाडून साफ केलं. माईक टायसनने नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला, १९८७ च्या मार्चमध्ये डब्ल्यूबीएचा आणि ऑगस्टमध्ये आयबीएफचा. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून तो हरला तेव्हा तिन्ही पट्टे एकत्रच डग्लसकडे गेले. तिथून ते इव्हँडर होलिफिल्डकडे गेले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये रिडिक बोकडे. सगळं रिंगमध्ये, रीतसर.

आणि मग डिसेंबर १९९२ मध्ये लंडनमधल्या एका पत्रकार परिषदेत बोने डब्ल्यूबीसीचा हिरवा पट्टा उचलला आणि कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्ल्यूबीसीचा सक्तीचा आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस. त्याने दोनच महिन्यांपूर्वी रेझर रुडॉकला दुसऱ्या फेरीत संपवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसने बोलाच हरवलं होतं. बोच्या गोटाचं म्हणणं काहीही असो, मला तरी तो पट्टा टाकण्यामागे तत्त्व दिसत नाही, लुईस दिसतो. विजेतेपद लुईसला न लढताच मिळालं आणि व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. हेवीवेटच्या इतिहासात जे घडलं त्याच्याइतकीच न घडलेल्या लढतींची यादीही मोठी आहे, आणि तिच्यात ही अगदी वर आहे.

पट्टे पुन्हा जुळायला १९९९ उजाडलं. मार्चमध्ये न्यूयॉर्कला लुईस आणि होलिफिल्ड यांची लढत बरोबरीत सोडवली गेली, त्या निकालावर बराच गदारोळ झाला. नोव्हेंबरात लास व्हेगासमध्ये लुईस जिंकला. निर्विवाद जगज्जेता! ते सुख काही महिने टिकलं. डब्ल्यूबीएने नेमलेल्या जॉन रुईझऐवजी मायकेल ग्रँटशी लढल्यामुळे २००० मध्ये डब्ल्यूबीएचा पट्टा लुईसकडून गेला.

पुढची चोवीस वर्षं निर्विवाद जगज्जेता झालाच नाही. यातला बराच काळ युक्रेनच्या क्लिच्को बंधूंचा. सोव्हिएत राजवटीत व्यावसायिक मुष्टियुद्धाला थारा नव्हता, ती कोसळल्यावर तिथल्या हौशी शिक्षणात घडलेले उंचेपुरे खेळाडू बाहेर पडले. व्लादिमिर क्लिच्को २००६ पासून २०१५ पर्यंत विजेता राहिला. डब्ल्यूबीसीचा पट्टा मोठ्या भावाकडे, विताली क्लिच्कोकडे. दोघांनी आईला शब्द दिला होता की एकमेकांशी लढणार नाही. म्हणजे यावेळी पट्टे एकत्र आले नाहीत ते संघटनांमुळे नव्हे, आईमुळे. ही एकच फूट अशी आहे की जिच्याबद्दल कुणी तक्रार करू नये.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्यूसेलडॉर्फला टायसन फ्युरीने व्लादिमिरला हरवलं आणि आयबीएफने दोन आठवड्यांच्या आत त्याचा पट्टा काढून घेतला, कारण करारात व्लादिमिरशी परतीची लढत होती. १९६४ ची अलीची कहाणीच, फक्त नावं वेगळी. त्या पट्ट्यावर पुढे अँथनी जोशुआ उभा राहिला. एप्रिल २०१७ मध्ये त्याने व्लादिमिरला वेम्बलीत ९० हजार लोकांसमोर थांबवलं. अमेरिकेत डब्ल्यूबीसीचा पट्टा डिओन्टे वाइल्डरकडे होता. तिघांच्या आपसातल्या लढती हव्या होत्या. त्यांपैकी फ्युरी-वाइल्डर तीनदा झाली, जोशुआविरुद्धच्या दोन्ही राहिल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने वाइल्डरला हरवलं, तेव्हापासून २०२५ संपेपर्यंत चार मुख्य पट्ट्यांपैकी एकही अमेरिकन माणसाकडे नव्हता. सुलिव्हन, जो लुई, मार्सियानो, अली, टायसन यांच्या देशाकडे!

मधल्या काळात पैसा सौदीत गेला. डिसेंबर २०१९ मध्ये अँडी रुईझविरुद्धची परतीची लढत जोशुआ रियाधजवळच्या दिरियात खेळला, ती सुरुवात. जे प्रवर्तक आणि वाहिन्या एकमेकांची तोंडं पाहत नव्हत्या, त्यांना एका टेबलाशी बसवायला रियाधची थैली पुरली. त्यावर नैतिक प्रश्न आहेत आणि ते खरे आहेत. पण उसिक-फ्युरी लढत त्याच थैलीमुळे झाली, हेही खरं.

१८ मे २०२४, रियाध. फ्युरी सहा फूट नऊ इंच, ११९ किलोच्या आसपास. उसिक त्याच्याहून अर्धा फूट बुटका आणि सुमारे १८ किलोंनी हलका, मुळात हेवीवेटच्या खालच्या, क्रूझरवेट वर्गातून वर आलेला. मधल्या फेऱ्यांत फ्युरी पोटात ठोसे मारत, खांदे उडवत, मजेत होता. नवव्या फेरीत उसिकचा डावा हात जबड्यावर बसला आणि फ्युरीचे पाय त्याचे राहिले नाहीत. तो एका बाजूच्या दोरांवरून दुसऱ्या बाजूला झोकांड्या खात गेला. दोर नसते तर खालीच पडला असता. रेफ्रींनी मध्ये पडून अंक मोजले, म्हणजे तो पडल्याचंच धरलं, आणि पुढे काही व्हायच्या आत घंटा वाजली. शेवटी गुणपत्रकं आली ती ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. रेफ्रींनी अंक मोजले नसते तर त्या फेरीतला एक गुण फ्युरीकडे राहिला असता, दुसरं पत्रक ११४-११४ झालं असतं आणि लढत बरोबरीत सुटली असती. चोवीस वर्षांचा दुष्काळ संपला तो या एका गुणावर.

त्यानंतरचं वर ओझरतं आलंच आहे. आयबीएफचा पट्टा सुटला, तो डॅनियल दुबॉयला मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने वेम्बलीत जोशुआला पाचव्या फेरीत आडवा करून त्या पट्ट्याला वजन आणलं. उसिकने डिसेंबरात फ्युरीला पुन्हा हरवलं आणि जुलै २०२५ मध्ये दुबॉयलाही पाचव्या फेरीत पाडून चारही पट्टे परत आणले. मग डब्ल्यूबीओने जोसेफ पार्करशी लढायला सांगितलं, उसिकने दुखापतीसाठी मुदत मागितली. पार्कर थांबला नाही, ऑक्टोबरात वॉर्डलीशी लढला आणि अकराव्या फेरीत हरला. उसिकने पट्टा सोडल्यावर वॉर्डली जगज्जेता झाला, अर्थात खुर्चीत बसल्या बसल्या. तरी या माणसाबद्दल मला आदर आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचचा हा गडी कधी रीतसर हौशी मुष्टियुद्ध खेळलाच नाही. नोकरभरतीच्या कचेरीत काम करता करता नोकरदारांच्या हौसेच्या चार लढती खेळला आणि तिथून थेट व्यावसायिक झाला. गुणांवर मागे पडायचं आणि शेवटी एका ठोशात हिशेब मिटवायचा, ही त्याची खोड.

आव्हानवीरांत मला सर्वांत जास्त पटतो तो जर्मनीचा कबायेल. मखमुदोव, सांचेझ, झांग झिलेई या तिघांना त्याने रियाधमध्ये ओळीने थांबवलं, तेही प्रामुख्याने बरगड्यांखाली मारून. एवढी मोठी माणसं डोकं सांभाळतात, यकृत उघडं ठेवतात, हे त्याने हेरलंय. डब्ल्यूबीएचा ‘नियमित’ पट्टा डिसेंबर २०२५ मध्ये कुब्रात पुलेवला पाडून मुरात गासिएवने घेतला. २०१८ मध्ये मॉस्कोत उसिकने क्रूझरवेटचे सगळे पट्टे ज्याच्याकडून पूर्ण केले, तोच हा गासिएव. म्हणजे तेव्हा उसिक ज्या संघटनेचा विजेता, तिचाच दुसरा विजेता उसिककडून हरलेला.

आणि मोझेस इटाउमा. डिसेंबर २००४ चा जन्म, डावखुरा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटांच्या आत संपवलं. सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता होण्याचा टायसनचा विक्रम मोडायची त्याची उघड इच्छा होती. टायसन तेव्हा वीस वर्षं आणि पाच महिन्यांना थोडे दिवस कमी एवढा होता. २०२५ च्या मे महिन्यात इटाउमाचं ते वय उलटून गेलं, पट्ट्यांसमोर उसिक, दुबॉय आणि आव्हानवीरांची रांग उभी असताना. १९८६ मध्ये पट्टे तीन होते आणि ते तिघांकडे होते, म्हणून टायसनला वीस वर्षांच्या वयात त्यांतल्या सर्वांत कच्च्या विजेत्याला गाठता आलं. सगळे पट्टे एकाच उसिकच्या कमरेला असते, तर त्यालाही रांगेतच उभं राहावं लागलं असतं.