पार्श्वभूमी : जुलै १९९१ चे दोन टप्पे

मध्यवर्ती बँकेत किंवा अर्थखात्यात उमेदीची वर्षे घालवलेले ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ आपल्या कारकिर्दीवर बोलायला उभे राहिले की प्रश्न १९९१ च्या अवमूल्यनावर, म्हणजे सरकारने डॉलरच्या तुलनेत रुपयाची किंमत उतरवण्यावर, येतोच. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर असलेल्या सी. रंगराजन यांना तर तो इतक्या वेळा विचारला गेला, की अख्ख्या वर्षाची गोष्ट आता अवमूल्यन थांबवण्यासाठी आलेल्या एका फोनभोवती फिरते.

त्या फोनमागे १९६६ ची धास्ती होती. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर नेला गेला. अपेक्षेइतकी परकीय मदत आली नाही, त्यात दुष्काळ. पुढच्या वर्षी निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना फटका बसला. दुधाने तोंड पोळलेले राज्यकर्ते पुढे पंचवीस वर्षे ताक फुंकत राहिले. रुपया मात्र थांबला नव्हता. १९८७ मध्ये तेराच्या आसपास असलेला डॉलर १९९१ च्या जूनमध्ये एकवीसवर होता. रोज थोडा थोडा घसरत असल्याने त्याला कोणी अवमूल्यन म्हणत नव्हते.

आखाती युद्धाने तेलाचे बिल वाढले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढल्या आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने डॉलर मिळवण्यासाठी स्वित्झर्लंडला गेले. हे पाऊल जाणाऱ्या काळजीवाहू सरकारचे, पण श्रेयाच्या वाटपात त्याचे नाव क्वचितच निघते.

जूनअखेर आलेले सरकार अल्पमताचे. अवमूल्यन एकदम करण्याऐवजी दोन टप्प्यांत करायचे ठरले. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘हॉप, स्किप अँड जंप’. १ जुलैला सुमारे ९ टक्के. बाजार कसा घेतो ते पाहून ३ जुलैला सुमारे ११ टक्के. पहिल्या टप्प्यानंतर टीका सुरू झाली, पंतप्रधान कचरले आणि ३ तारखेला सकाळी अर्थमंत्र्यांनी उपगव्हर्नरांना फोन करून दुसरा टप्पा थांबवता येईल का, असे विचारले. तोवर नवे दर जाहीर झाले होते. डॉलर सव्वीसच्या घरात पोचला.

हा किस्सा सभागृहात हमखास टाळ्या घेतो, पण त्यातून धाडसापेक्षा घाईच अधिक दिसते. टप्पे पाडण्याला आर्थिक आधार कमकुवत होता: पहिला दणका बसल्यावर दुसऱ्याची चाहूल लागतेच, आणि निर्यातदार डॉलर परदेशातच अडकवून ठेवतात. मधे दोनच दिवस गेले म्हणून निभावले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसारख्या कर्जदात्यांच्या हुकमावरून हे झाले, हा डाव्यांचा आरोप आजही होतो. निर्यातीचे रोख अनुदान त्याच आठवड्यात बंद झाले, हे मात्र वादात कोणी काढत नाही. सरकारी तिजोरीवरचा भार हलका करणारा खरा निर्णय तोच होता.

त्याच जुलैत सुमारे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण गेले, त्यावर ४०.५ कोटी डॉलर मिळाले. २०२४ मध्ये ब्रिटनमधून सुमारे १०० टन सोने परत आले, तेव्हाही बातम्यांत १९९१ आलेच.

पुढची वाट झपाट्याने कापली गेली. मार्च १९९२ मध्ये निर्यातदाराचे ४० टक्के डॉलर सरकारी दराने, ६० टक्के बाजारदराने. मार्च १९९३ मध्ये एकच बाजारदर. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर परिवर्तनीयता, म्हणजे आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांसाठी रुपया परकीय चलनात बदलण्याची मोकळीक. भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जांच्या व्यवहारांसाठी, तशीच मोकळीक देण्याची शिफारस १९९७ मध्ये झाली आणि त्याच वर्षीच्या आशियाई संकटाने ती मागे पडली. डॉलर पुढे ऐंशीच्या पार गेला, पण १९९३ नंतर एकाही अर्थमंत्र्याला अवमूल्यन जाहीर करावे लागले नाही.