पायात कडी असलेलं कबुतर

वावरातल्या कोठ्यावर कधी एखादं कबुतर येऊन बसतं आणि माणूस जवळ गेला तरी उडत नाही. विहिरीतल्या पारव्यापेक्षा अंगानं भरलेलं, चोचीच्या मुळाशी पांढरा फुगीर मांसल भाग, पायात कडी. हे शर्यतीचं कबुतर. चेन्नईतले शौकीन आपली कबुतरं शेकडो किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडतात, आणि घरी परतणाऱ्यांची वाट विदर्भावरूनही जाते. बल्लारपूर ते चेन्नई सरळ रेषेतच साधारण 750 किलोमीटर भरतं.

कडीला सांधा नसतो. पिल्लू आठेक दिवसांचं असताना ती पंजावरून सरकवतात. पाय वाढला की निघत नाही. तिच्यावर साल, नंबर आणि कबुतर-शर्यतीच्या संघाची खूण असते. अशाच कड्यांमुळे 2023 मध्ये मुंबईत एका कबुतरावर हेरगिरीचा संशय आला आणि बिचारं आठ महिने अडकलं. निघालं तैवानचं, शर्यतीतलं!

घराची दिशा त्याला कळते कशी? मुख्य आधार सूर्याचा. पण सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे नुसता दिसून भागत नाही, किती वाजले हेही ठाऊक हवं. शास्त्रज्ञांनी कबुतरं बंद खोलीत ठेवून दिव्यांच्या साहाय्यानं त्यांचं शरीरातलं घड्याळ सहा तासांनी हलवलं. मग उन्हात सोडल्यावर ती घराच्या दिशेपासून जवळपास काटकोनात भरकटली. ढगाळ दिवशी मात्र हीच फसवणूक चालत नाही. 1971 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कीटन यांनी कबुतरांवर छोटी चुंबकं लावली: स्वच्छ उन्हात बहुतेकांना फरक पडला नाही, आभाळ भरलेलं असताना ती गोंधळली. सूर्य नसला की पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण दिशा कळली तरी आपण घरापासून कुठे आहोत, हे कसं कळतं? वाऱ्यावरच्या वासांचा नकाशा कबुतराच्या डोक्यात असतो, अशी कल्पना इटलीतले शास्त्रज्ञ फ्लोरियानो पापी यांनी मांडली. त्यावर वाद झाले, पण नाकानं वास न येणारी कबुतरं अनोळखी जागेवरून बहुधा घरी पोचत नाहीत, हे पुन्हा पुन्हा दिसलं. ओळखीच्या मुलखात तर ती चक्क रस्ते धरूनही उडतात.

एवढी सोय असून ते तुमच्या कोठ्यावर का? माझ्या मते बहुतेकदा दिशा हरवलेली नसते, अंगातला दम सरलेला असतो. ऊन, वादळ, मागे लागलेला ससाणा, काहीही कारण असेल.

म्हणून आधी पाणी. कबुतर चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून, मान वर न करता ओढून पितं. उथळ ताटली कामाची नाही, दोन बोटं खोल वाटी ठेवा. मग मूठभर ज्वारी, मका, हरभरा. दूध नको, भिजवलेली पोळी नको. डालीखाली सावलीत ठेवा, पण कोंबड्यांपासून वेगळं. रोग इकडून तिकडे जातात. पंख कापायचा विचार पोट्ट्यांच्या डोक्यात आला तर वेळीच काढा. कडीवरच्या नंबराचा फोटो घ्या, पंखावर मालकाचा फोन छापलेला सापडला तर लावून बघा.

एक-दोन दिवसांत ते टवटवीत होतं. मग आभाळ निरभ्र असलेल्या सकाळी, विजेच्या तारांपासून दूर, डाल उचलून बाजूला व्हा. हवेत भिरकावू नका. संध्याकाळी परत कोठ्यावर आलं, तर आणखी दोन दिवस दाणापाणी द्या. पंख लोंबत असेल किंवा जखम दिसली तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.