छातीच्या मधल्या हाडापाशी दुखतंय : हार्ट की बरगडी, हा प्रश्न आला कुठून

छातीत मधोमध दुखलं की घरात एक जण म्हणतो गॅस असेल, दुसरा म्हणतो आत्ताच्या आत्ता ईसीजी काढ, आणि डॉक्टर बोटाने हाड दाबून विचारतात इथे दुखतंय का. हे दुखणं दोन वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतं हे कळायलाच खूप काळ गेला.

१७६८ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी एका दुखण्याचं वर्णन डॉक्टरांपुढे वाचलं, छापून आलं १७७२ ला. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छातीच्या हाडामागे आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं. त्यांनी नाव दिलं अंजायना पेक्टोरिस, पण कारण त्यांना सापडलं नव्हतं. ते आधी लक्षात आलं एडवर्ड जेन्नरच्या, हो तेच देवीच्या लसीवाले. अशाच एका पेशंटचं शवविच्छेदन करताना सुरी कशावर तरी करकरली, त्यांना वाटलं छताचा गिलावा पडला की काय, बघतात तर हृदयाच्या रक्तवाहिन्याच कडक झालेल्या! पण त्यांचे गुरू जॉन हंटर यांनाच हा आजार होता, म्हणून जेन्नर उघडपणे बोललेच नाहीत. मला हा भाग फार हलवून जातो. १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये वाद झाला आणि हंटर तिथेच वारले, शवविच्छेदनात त्यांच्याही रक्तवाहिन्या तशाच निघाल्या.

छातीच्या या मधल्या हाडाची माहिती मात्र त्याच्या कितीतरी आधीची. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनने त्याचे सात भाग सांगितले होते, १५४३ ला शरीररचनेचा अभ्यासक व्हेसॅलियसने माणसाचं हाड बघून तीनच आहेत असं दाखवलं: वर रुंद मॅन्युब्रियम, मध्ये लांब बॉडी, खाली छोटं टोक झिफॉइड. हे टोक पोटाच्या वर हाताला लागतं आणि गाठ समजून लोक घाबरतात. बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या कुर्चेने, म्हणजे मऊ लवचिक हाडाने, या हाडाला थेट जोडलेल्या असतात.

दुखण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे हीच कुर्चा. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊचे, म्हणजे आताच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचे, सर्जन अलेक्झांडर टिट्झे यांनी असे पेशंट नोंदवले ज्यांच्या बरगडीच्या कुर्चेवर दुखरी सूज होती पण पू नव्हता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे उपासमार किंवा टीबी असेल असं त्यांना वाटलं, ते पुढे टिकलं नाही. आज सूज असेल, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीला, तर टिट्झे सिंड्रोम म्हणतात, आणि सूज नसून नुसतं दाबल्यावर दुखत असेल तर कॉस्टोकॉन्ड्रायटिस, हे जास्त कॉमन आहे, कधी खूप खोकल्यानंतर किंवा जड उचलल्यावर होतं, बऱ्याचदा कारण सापडतच नाही आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होतं.

पण दाबल्यावर दुखतंय म्हणजे हार्टचं नाहीच असं घरच्या घरी ठरवू नका, काही हार्ट अटॅकच्या पेशंटनाही दाबल्यावर दुखतं, म्हणून डॉक्टर ईसीजी आणि गरज वाटली तर रक्तातली ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) टेस्ट आधी करून घेतात, बरगडीचं निदान त्यानंतर.