आतड्याच्या एमआरआयला येताय? दीड लिटर पाणी कसं प्यायचं ते आधी वाचा

क्रोन्स म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येणारा आजार. त्याच्या पेशंटला डॉक्टर एमआर एन्टरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय, लिहून देतात, तेव्हा त्यांना बहुधा एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: आतडं अरुंद झालंय ते सुजेमुळे की वणामुळे? क्रोन्सची सूज आतड्याच्या भिंतीत आरपार जाते. ती वर्षानुवर्षं येत-जात राहिली की भरून येताना तिथे कोलॅजनचे तंतू साठतात, स्नायूचा थर जाड होतो आणि तेवढा भाग आक्रसतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची नेहमीची जागा. सूज स्टिरॉइडने किंवा बायोलॉजिक इंजेक्शनने उतरू शकते. जुना वण मात्र औषधाने विरघळत नाही. त्रास होत असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून तो भाग रुंद करावा लागतो किंवा ऑपरेशन. फुग्याचा उपाय साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतच्या, सरळ आणि आजूबाजूला पू नसलेल्या अरुंद भागालाच चालतो, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये लांबी मोजून देतो.

आता पाण्याचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

२० टक्के मॅनिटॉल २०० मिली आणि साधं पाणी १३०० मिली, असं दीड लिटरचं मिश्रण आम्ही सेंटरमध्येच करून देतो. मॅनिटॉल आतड्यात फारसं शोषलं जात नाही, पाणी धरून ठेवतं आणि आतडं आतून फुगवतं. रिकामं आतडं पाणी नसलेल्या बागेतल्या पाइपासारखं सपाट मिटतं. मिटलेला भाग फोटोत जाड आणि अरुंद दिसतो, म्हणजे हुबेहूब स्ट्रिक्चरसारखा (खरोखर आक्रसलेल्या भागासारखा). अर्धं पाणी प्यायलेल्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये ‘नीट सांगता येत नाही’ एवढंच लिहावं लागतं आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

चूक दोन प्रकारे होते. काही जण पहिली चाळीस मिनिटं नुसते घोट घेत बसतात आणि आत बोलावल्यावर उरलेलं घटाघट पितात. ते पाणी पोटातच राहतं, खाली पोचत नाही. काही जण कोलोनोस्कोपीच्या आधीच्या औषधासारखं एका दमात संपवतात. त्यांना उलटी तरी होते, नाहीतर टेबलावर जायच्या आधीच जुलाब सुरू होतात. बरोबर पद्धत अशी: २५० मिलीचा एक ग्लास दर दहा मिनिटांनी, असे पाच. सहावा टेबलावर जायच्या अगदी आधी, म्हणजे जठर आणि वरचं आतडंही भरलेलं राहतं. चव गोडसर असते. थंड करून हवं असेल तर सांगा, देतो. मळमळलं तर पाणी बेसिनमध्ये ओतू नका, सिस्टरना सांगा. दहा मिनिटं थांबून पुढे जाता येतं.

‘घरूनच पिऊन येऊ का?’ असं रोज विचारलं जातं. नको. लोकल उशिरा आली की पाणी आतड्यातून पुढे निघून गेलेलं असतं. म्हणूनच वेळेच्या दीड तास आधी बोलावतो.

आधीचे सहा तास काही खायचं नाही. चहा-बिस्किटही खाण्यातच येतं. साध्या पाण्याचे घोट आणि नेहमीच्या गोळ्या चालतात. इन्सुलिनबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून या. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट, जुन्या स्कॅनच्या सीडी आणि कोणतं औषध कधी सुरू झालं त्याची चिठ्ठी आणा. जुनी सीडी नसेल तर अरुंद भाग वाढला की तसाच आहे, हे कळायला काही आधारच राहत नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिनचं इंजेक्शन देतो. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं किंवा हृदयाचे ठोके जलद पडणं यांपैकी काही असेल तर आधी बोला. या इंजेक्शनने थोडा वेळ अंधुक दिसू शकतं, म्हणून स्वतः गाडी चालवून जाऊ नका.

आमची तपासणी लांबते अशी तक्रार येते. कारण गॅडोलिनियम (फोटो उजळ करणारं, शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर साधारण सात मिनिटांनी आम्ही पुन्हा फोटो घेतो. वण असलेला भाग हे औषध हळूहळू धरतो आणि उशिराच्या फोटोत जास्त उजळ दिसतो. ताजी सूज पाण्याला संवेदनशील असलेल्या फोटोत उजळते. बऱ्याच पेशंटमध्ये दोन्ही एकत्र असतात, आणि किती काय हे शंभर टक्के कुठलाच एमआरआय सांगत नाही. तरी ही सात मिनिटं वाचवावीत असं आम्हाला वाटत नाही.

पोटात कळा येतायत, पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, अशी अवस्था असेल तर हे पाणी अजिबात पिऊ नका. आमच्याकडे न येता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

तपासणीनंतर काही तास पातळ शौच होते. तासभर इथे थांबा, टॉयलेट स्वच्छ आहे. विरार-कर्जतकडे जाणाऱ्यांनी तर थांबावंच. भूक लागेल, हलकं खायला हरकत नाही.