ओयाची पाळी: रीची माहजोंगचा संच घेणाऱ्यांसाठी

जपानी माहजोंगमध्ये पूर्वेच्या जागी बसणारा तो 'ओया', म्हणजे पालक. बाकीचे तिघे 'को', म्हणजे मुले. पत्त्यांसारखे ओयाने सगळ्यांना वाटायचे नसते. तो फासे टाकतो, सोंगट्या ज्याच्या त्याने उचलायच्या.

डावाची सुरुवात

दोन फाशांची बेरीज करा आणि ओयाला एक धरून उजवीकडे मोजा. 5 किंवा 9 आले तर ओयाचीच भिंत (त्याच्यासमोर रचलेली सोंगट्यांची रांग) फोडायची, 2, 6, 10 ला उजवीकडची, 3, 7, 11 ला समोरची, 4, 8, 12 ला डावीकडची. ज्याची भिंत, त्याच्या उजव्या हाताकडून बेरजेइतक्या जोड्या (एकावर एक अशा दोन सोंगट्या) सोडून उचलायला लागा. चार-चारच्या तीन फेऱ्या झाल्या की ओया पुढच्या पहिल्या आणि तिसऱ्या जोडीवरची, अशा दोन सोंगट्या घेतो, बाकीचे एकेक. त्याच्याकडे 14, इतरांकडे 13.

ओयाची पहिली उचल यातच झालेली असते. त्याने आता फक्त टाकायची. नवे खेळाडू सवयीने आणखी एक उचलतात, 15 होतात आणि तो डाव जिंकता येत नाही.

गुण दीडपट

मानगानला (ठरलेल्या गुणांचा मोठा डाव) को 8000 घेतो, ओया 12000. याकुमानला (सर्वांत मोठा डाव) 32000 आणि 48000. 3 हान 30 फूचा (हान आणि फू ही डावाची किंमत मोजायची मापे) साधा डाव रोनने (दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकून) 3900 चा, ओयाला तोच 5800 चा. ओयाने स्वतः उचलून (त्सुमो) मानगान केला तर तिघेही 4000 देतात. कोने केला तर ओया 4000 आणि उरलेले दोघे 2000 देतात. रोनला मात्र ज्याने सोंगटी टाकली तोच सगळे भरतो. तो ओया असला म्हणून दुप्पट भरत नाही. सर्वांत जास्त वाद इथेच होतात.

पाळी टिकवणे

ओयाचे खरे बळ इथे आहे. तो जिंकला, किंवा भिंत संपली तेव्हा तेन्पाईत (जिंकायला एकच सोंगटी कमी) असला, तर पाळी त्याच्याकडेच राहते. म्हणून ओयाने 1500 चा डावही झटपट मिटवावा, मोठ्या डावाची वाट पाहत बसू नये. इतरांनीही ओयाची पाळी मोडायला स्वस्त डाव घेण्यात काही कमीपणा नाही.

पाळी टिकली की ओया 100 गुणांची एक काडी उजव्या कोपऱ्यात ठेवतो: हा होन्बा. दर काडीमागे जिंकणाऱ्याला रोनला 300, त्सुमोला प्रत्येकाकडून 100 जास्त मिळतात. काडी फक्त मोजणीची. ती ओयाचीच राहते, जिंकणाऱ्याला द्यायची नाही. रीचीच्या (तेन्पाई जाहीर करताना मांडलेल्या) 1000 च्या काड्या मात्र जिंकणारा घेतो. भिंत संपून पाळी पुढे गेली तरी होन्बा एकने वाढतो आणि काड्या नवा ओया स्वतःच्या मांडतो. को जिंकला की होन्बा शून्य.

शेवटच्या डावात आघाडीवरचा ओया जिंकला तर त्याला तिथेच खेळ थांबवता येईल का, हे बसण्याआधी ठरवून घ्या. घरोघर नियम वेगळा असतो.